करारानें बांधलेला कारभारी

मनुष्यानें पांच वर्षांसाठीं शब्द द्यावा, आणि तिसऱ्याच वर्षीं दुसरीकडून अधिक मानाचें बोलावणें यावें, हा प्रसंग जगांत नवा नाहीं. संस्थानच्या दिवाणापासून पेढीवरच्या मुनिमापर्यंत अनेकांवर तो येऊन गेलेला आहे. अशा वेळीं जावयाचें कीं राहावयाचें, धन्यानें सोडावयाचें कीं अडवावयाचें, आणि सोडावयाचें तर काय घेऊन सोडावयाचें, हे प्रश्न बहुधा बंद दाराआड सुटतात. बाहेरच्या लोकांना त्यांचा पत्ताही लागत नाहीं. अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत मात्र हा व्यवहार उघड्यावर होतो. वृत्तपत्रें त्याची चर्चा करतात आणि सामान्य नागरिक त्यावर हिरिरीनें मत देतात. म्हणून करार माणसाचें काय बांधतो आणि काय बांधूं शकत नाहीं, हें समजून घेण्यास त्या खेळांतील कांहीं उदाहरणें फार उपयोगी आहेत.

बेसबॉल आपल्याकडे फारसा प्रचारांत नाहीं. तथापि त्याचे नियम ठाऊक नसले तरी प्रस्तुत विषय समजण्यास अडचण पडत नाहीं. इतकेंच ध्यानांत घ्यावें कीं, तेथील श्रेष्ठ दर्जाच्या बेसबॉलमध्यें ३० क्लब आहेत. त्यांपैकीं २९ अमेरिकेंत व एक कॅनडांतील टोरोंटो शहरीं. प्रत्येक क्लब वसंत ऋतूपासून सप्टेंबरअखेरपर्यंत १६२ सामने खेळतो. नंतर निवडक क्लबांत बाद पद्धतीचे सामने होतात, आणि अखेरची लढत ‘वर्ल्ड सिरीज’ या नांवानें ओळखली जाते. सर्व क्लबांवर देखरेख ठेवणारा एक अधिकारी असतो; त्यास कमिशनर म्हणतात.

क्लब हा मालकाच्या खाजगी मिळकतीचा भाग असतो. पण मालक हा धनिक गृहस्थ. कोणता खेळाडू घ्यावा व कोणता द्यावा याचें सूक्ष्म ज्ञान त्याला असतेंच असें नाहीं. मैदानाच्या कडेला बसून सामना लढविणारा जो मॅनेजर, तो रोजच्या डावपेंचांत गुंतलेला. या दोघांच्या मध्यें तिसरा एक मनुष्य असतो. त्याला पूर्वीं जनरल मॅनेजर म्हणत; अलीकडे बऱ्याच ठिकाणीं त्याला ‘बेसबॉल विभागाचा अध्यक्ष’ असा अधिक भारदस्त हुद्दा देतात. आपल्या भाषेंत त्याला कारभारी हें नांव शोभेल. गांवोगांव पाहणारे पाठवून होतकरू मुलें हेरणें, त्यांना दुय्यम संघांतून तयार करणें, इतर क्लबांशीं खेळाडूंची अदलाबदल करणें, कोणाला किती वर्षें व किती वेतन द्यावें हें ठरविणें, हीं सर्व कामें त्याची. तो स्वतः चेंडूला हातही लावीत नाहीं. परंतु चार-पांच वर्षांनंतर मैदानावर जो संघ दिसतो तो त्याच्या कचेरींत घडलेला असतो.

यामुळेंच असा कारभारी निघून जाऊं लागला कीं मालकाला धास्ती वाटते. आपल्या क्लबांतील कोणता तरुण खरोखर गुणी आहे आणि कोणाची केवळ वाहवा झालेली आहे, कोणत्या खेळाडूच्या खांद्याला दुखापतीची खोड आहे, पुढील वर्षीं खर्चाची मर्यादा किती, हीं सर्व गुपितें त्याच्या डोक्यांत असतात. तीं येथें ठेवून जा असें त्याला सांगतां येत नाहीं. म्हणून त्याच्याशीं अनेक वर्षांचा करार केला जातो.

या करारांचें रक्षण करण्यासाठीं क्लबांनीं आपसांत एक नियम पाळलेला आहे. दुसऱ्या क्लबच्या नोकरींत असलेल्या मनुष्याशीं, त्या क्लबची परवानगी घेतल्यावांचून, नोकरीविषयीं बोलणें लावावयाचें नाहीं. जो लावील तो दोषी. परवानगी देणें वा नाकारणें सर्वस्वी मालकाच्या हातीं असतें. तथापि या नियमाच्या जोडीला एक प्रघातही आहे. बोलावणें बरोबरीच्या जागेसाठीं असेल तर मालक नकार देतो आणि त्यांत कोणाला गैर वाटत नाहीं. परंतु वरच्या जागेसाठीं असेल तर माणसाच्या उत्कर्षाआड येऊं नये म्हणून बहुधा परवानगी दिली जाते. हा प्रघात आहे, कायदा नव्हे. पण त्याचा एक मौजेचा परिणाम झाला. जनरल मॅनेजराच्या वर आणखी एक हुद्दा निर्माण केला कीं दुसऱ्याच्या जनरल मॅनेजराला ‘बढती’ देऊं करतां येते. आणि आपल्या माणसाला आधींच तो हुद्दा देऊन ठेवला कीं त्याला बढती देऊं करणें दुसऱ्याला कठीण जातें. कामें तींच राहिलीं, पण नांवें मोठीं झालीं, त्याचें एक कारण हें आहे.

येथें सहज प्रश्न उपस्थित होतो कीं, करार झालेला असतांना न्यायालय त्या मनुष्याला जागेवर बसवूं शकत नाहीं काय? याचें उत्तर फार जुनें आहे. सन १८५२ मध्यें लंडन येथें योहाना वाग्नर नांवाच्या गायिकेनें एका नाट्यगृहाशीं केलेला करार मोडून दुसऱ्या नाट्यगृहांत गाण्याचें ठरविलें. न्यायालयानें तिला दुसरीकडे गाण्यास मनाई केली. परंतु पहिल्या नाट्यगृहांत तिनें गाइलेंच पाहिजे असा हुकूम करणें आपल्या शक्तीबाहेरचें आहे, हेंही मान्य केलें. बेसबॉलमध्यें याच तत्त्वाचा प्रत्यय १९०२ सालीं आला. नॅपोलियन लाजोई हा विख्यात खेळाडू फिलाडेल्फियाच्या एका क्लबला सोडून त्याच शहरांतील दुसऱ्या क्लबांत गेला. पेनसिल्व्हानियाच्या वरिष्ठ न्यायालयानें त्याला मनाई केली. तेव्हां तो त्या प्रांताबाहेरच्या क्लीव्हलंड क्लबांत गेला, आणि त्याचा नवा संघ फिलाडेल्फियास खेळावयास जाई तेव्हां हा मात्र प्रांताच्या सीमेबाहेर राही. ज्या क्लबनें दावा जिंकला त्याला खेळाडू कांहीं परत मिळाला नाहीं.

आपल्या देशांतही न्यायाचें धोरण याहून निराळें नाहीं. कल्याण येथील एका रेयॉन कारखान्यांत पांच वर्षांच्या करारावर लागलेला एक पर्यवेक्षक मुदत संपण्यापूर्वींच राजस्थानांतील तशाच धंद्याच्या कारखान्यांत गेला. १९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कराराच्या मुदतीपुरती त्याला ती नोकरी करण्यास मनाई कायम केली. परंतु जुन्या कारखान्यांत जाऊन त्यानें काम करावें, असा हुकूम झाला नाहीं. तात्पर्य, कायदा दुसरें दार बंद करूं शकतो. पहिल्या दारांत माणसाला ओढून आणूं शकत नाहीं.

ही मर्यादा ओळखूनच बेसबॉलच्या क्लबांनीं कोर्टाची पायरी टाळून मोबदल्याची वाट काढली. सोडून देणाऱ्या क्लबनें परवानगी द्यावी आणि घेणाऱ्यानें त्याबद्दल एखादा खेळाडू द्यावा. १९९४ सालीं मिनेसोटा क्लबचे जनरल मॅनेजर अँडी मॅकफेल हे शिकागोच्या कब्स क्लबचे अध्यक्ष होऊन गेले. मिनेसोटानें त्यांच्या कारकीर्दींत १९८७ व १९९१ अशीं दोन वेळां वर्ल्ड सिरीज जिंकलेली होती. त्यांच्या बदल्यांत शिकागोनें हेक्टर त्रिनिदाद नांवाचा एक होतकरू पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, पाठविला. तो पुढें श्रेष्ठ दर्जाच्या संघापर्यंत पोहोंचलाच नाहीं. असा हा व्यवहार. एका बाजूस सिद्ध झालेली बुद्धि आणि दुसऱ्या बाजूस केवळ आशा.

यानंतरचें सर्वांत गाजलेलें प्रकरण थिओ एपस्टीन यांचें होय. २००२ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षीं, ते बोस्टनच्या रेड सॉक्स क्लबचे जनरल मॅनेजर झाले. या क्लबनें १९१८ नंतर वर्ल्ड सिरीज जिंकलेली नव्हती. २००४ सालीं, म्हणजे ८६ वर्षांनंतर, ती त्यांनीं जिंकली. २००७ सालीं पुन्हा जिंकली. दरम्यान २००५ च्या ऑक्टोबरअखेर करार संपला तेव्हां वरिष्ठांशीं मतभेद होऊन एपस्टीन बाहेर पडले होते, आणि जानेवारींत परत आले होते. त्या वेळीं ते मोकळे होते. कोणाची परवानगी लागली नाहीं आणि कोणी मोबदला मागितला नाहीं. २०११ चा प्रसंग तसा नव्हता. त्या सप्टेंबरांत बोस्टनचा संघ एकाएकीं ढासळला. महिन्याच्या आरंभीं पुढील फेरीची जागा जवळजवळ निश्चित वाटत होती. पण त्या महिन्यांतील २७ सामन्यांपैकीं त्यांनीं फक्त ७ जिंकले आणि अखेरच्या दिवशीं ती जागा गेली. लोकक्षोभ झाला आणि मॅनेजर टेरी फ्रँकोना यांना जावें लागलें. याच सुमारास शिकागो कब्सचे मालक टॉम रिकेट्स नवा कारभारी शोधीत होते. एपस्टीन यांच्या कराराचें एक वर्ष उरलेलें होतें. शिकागोनें परवानगी मागितली, आणि बोस्टननें ती दिली.

जाणाराची बाजू एपस्टीन यांनीं बोस्टनच्या एका वृत्तपत्रांत लेख लिहून मांडली. एकाच जागीं सुमारें दहा वर्षें झालीं कीं नायकाला आणि संस्थेलाही बदल हितकर ठरतो, या फुटबॉलचे शिक्षक बिल वॉल्श यांच्या मताचा त्यांनीं आधार घेतला. हें म्हणणें सर्वांस पटलें असें नाहीं. घर कोसळत असतांना कारभाऱ्यानें उंबरा ओलांडावा हें कित्येकांना लागलें. परंतु ज्याचें मन निघालेलें आहे त्याला आणखी एक वर्ष खुर्चींत बसवून नव्या संघाची आंखणी त्याच्याकडून करून घ्यावयाची काय, हा बोस्टनच्या मालकांपुढील खरा प्रश्न होता. पुढील वर्षाचे खेळाडू निवडणाराच पुढील वर्षीं तेथें राहणार नसेल, तर ती निवड कोणाच्या हितानें होईल? त्यांनीं माणूस सोडला आणि त्यांच्याच हाताखालीं तयार झालेल्या बेन चेरिंग्टन यांस जागेवर बसविलें.

मोबदल्याचा वाद मात्र पुष्कळ दिवस चालला. बोस्टनला नांवाजलेला खेळाडू हवा होता; शिकागोला एवढी किंमत मान्य नव्हती. नोव्हेंबरची मुदत टळली. कमिशनर बड सेलिग यांच्याकडे दोन्ही क्लबांनीं आपापली कैफियत दिली. अखेर २०१२ च्या फेब्रुवारींत क्लबांनीं आपसांतच तोड काढली, आणि ख्रिस कारपेंटर नांवाचा तरुण पिचर बोस्टनला मिळाला. त्याच नांवाचा सेंट लुईसचा ख्यातनाम पिचर तो निराळा. हा नवखा होता, आणि बोस्टनसाठीं मोजक्याच सामन्यांत उतरला. इकडे एपस्टीन यांनीं शिकागोंत पायापासून बांधणी केली. पहिल्याच वर्षीं, २०१२ सालीं, त्यांचा संघ १०१ सामने हरला. पण २०१६ सालीं त्याच क्लबनें वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यापूर्वींचा त्यांचा विजय १९०८ चा, म्हणजे १०८ वर्षांपूर्वींचा होता. बोस्टनचें तरी फार नुकसान झालें असें म्हणतां येत नाहीं. २०१३ सालीं त्यांनींही वर्ल्ड सिरीज जिंकली. तेव्हां मोबदला अपुरा होता, हें खरें. पण दोन्ही घरें उभीं राहिलीं, हेंही खरें.

याच्या उलट प्रकार बाल्टिमोर येथें घडला. तेथील ओरिओल्स क्लबचे कारभारी डॅन ड्यूकेट यांचा करार २०१८ पर्यंतचा होता. २०१४ सालीं त्यांच्या संघानें ९६ सामने जिंकून आपल्या विभागांत पहिला क्रमांक मिळविला. त्या हिवाळ्यांत टोरोंटोच्या ब्लू जेज क्लबच्या चालकांनीं त्यांना आपल्या क्लबचें अध्यक्षपद देण्याचें मनांत आणलें. ही निःसंशय बढती होती, आणि ड्यूकेट यांची जाण्याची इच्छा आहे हें वृत्तपत्रांतून सर्वत्र झालें. तथापि बाल्टिमोरचे मालक पीटर अँजेलोस हे स्वतः वकील. चार वर्षें उरलेला करार म्हणजे एक वर्ष उरलेला करार नव्हे, ही त्यांची भूमिका होती. शिवाय टोरोंटो हा त्यांच्याच विभागांतील क्लब. वर्षांतून अनेक वेळां समोरासमोर येणारा प्रतिस्पर्धी. मोबदल्याची बोलणीं आठवडेच्या आठवडे चाललीं, पण किंमत जुळेना. जानेवारी २०१५ च्या अखेरीस टोरोंटोनें जुन्या अध्यक्षांनाच आणखी एक वर्ष ठेवण्याचें जाहीर केलें, आणि पुढें क्लीव्हलंडच्या मार्क शापिरो यांची नेमणूक केली. ड्यूकेट जागच्या जागीं राहिले.

मालकाचा हक्क शाबूत राहिला. परंतु तो हिवाळा कारभाऱ्याच्या मुख्य कामाचा काळ होता, आणि त्याच हिवाळ्यांत नेल्सन क्रूझ, निक मार्केकिस व अँड्र्यू मिलर हे तीन महत्त्वाचे खेळाडू बाल्टिमोर सोडून गेले. या गोष्टीचा त्या वाटाघाटींशीं कार्यकारणसंबंध आहे असें सिद्ध करतां येणार नाहीं. खेळाडूंना मिळालेलें वेतन हें कारणही पुरेसें आहे. पण शंकेला जागा राहिली, आणि कारभाऱ्याविषयीं शंका राहणें हीच मोठी हानि आहे. २०१५ सालीं संघानें जितके सामने जिंकले तितकेच गमावले, ८१ व ८१. २०१६ सालीं बाद फेरींत त्यांना टोरोंटोनेंच हरविलें. २०१८ सालीं ११५ सामने गमावल्यावर करार संपला आणि ड्यूकेट यांची नेमणूक पुढें चालविली गेली नाहीं. ज्याला चार वर्षें सोडलें नाहीं, त्याला ठेवून घेण्याचीही शेवटीं कोणाला इच्छा उरली नाहीं.

तिसरा मार्ग मिलवॉकी क्लबच्या डेव्हिड स्टर्न्स यांचा. ते मूळचे न्यूयॉर्कचे, आणि लहानपणापासून तेथील मेट्स क्लबचे चाहते. २०१५ सालीं, तिशींतच, ते मिलवॉकीचे कारभारी झाले आणि लहान शहराच्या त्या क्लबला त्यांनीं वारंवार पुढील फेरींत नेलें. मेट्सचे नवे मालक स्टीव्ह कोहेन यांना ते हवे होते. पण मिलवॉकीचे मालक मार्क अट्टानासिओ यांनीं परवानगी नाकारली. स्टर्न्स यांनीं त्यावरून कलह केला नाहीं. २०२२ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं अध्यक्षपद सोडलें, उरलेल्या काळासाठीं सल्लागार म्हणून राहिले, आणि कारभार मॅट आर्नल्ड यांच्या हातीं गेला. कराराची मुदत सरल्यावर, २०२३ च्या शरद ऋतूंत, ते मेट्सचे कारभारी झाले. मिलवॉकीनेंही २०२३ व २०२४ सालीं आपल्या विभागांत पहिला क्रमांक राखला. येथें शब्दही राहिला आणि मनही मोकळें झालें. नवा मनुष्य जुन्याच्या देखत तयार झाला. मात्र मालकाची भीति खोटी नव्हती, हेंही सांगितलें पाहिजे. २०२४ च्या ऑक्टोबरांत पहिल्याच बाद फेरींत मिलवॉकीला त्यांच्याच मैदानावर ज्या संघानें हरविलें, तो स्टर्न्स यांचा मेट्स संघ होता.

या तीन उदाहरणांवरून कोण बरोबर आणि कोण चूक असा एकच निवाडा देतां येत नाहीं. मालकाचा हक्क खरा आहे. त्यानें वर्षांच्या हिशोबानें वेतन कबूल केलेलें असतें. संघ हरत असतांनाही तो तें देतो, किंबहुना कारभाऱ्याला मुदतीपूर्वीं काढून टाकलें तरी उरलेलें वेतन सामान्यतः त्याला द्यावें लागतें. मग वाईट दिवसांत ज्या कराराचा आधार घ्यावयाचा, तो चांगले दिवस येतांच झुगारून द्यावयाचा, हा न्याय नव्हे. उलटपक्षीं कारभाऱ्याचें काम विटा मोजण्याचें नाहीं. त्याच्यापासून जें घ्यावयाचें तें विचार, दूरदृष्टि आणि आस्था. आणि या वस्तु जबरीनें घेतां येत नाहींत. तिसरा पक्ष लोकांचा. तिकिटाचे पैसे देऊन वर्षानुवर्षें आशेवर राहणारा सामान्य नागरिक या करारावर कोठेंही सही करीत नाहीं, पण निकाल त्यालाच भोगावा लागतो.

म्हणून व्यवहारांत किती काळ उरला आहे आणि जाणारा कोठें चालला आहे, या दोन गोष्टींकडे पाहणें शहाणपणाचें ठरतें. एक वर्ष उरलें असतां अडवणें हें बहुधा हट्टाचें लक्षण, आणि चार वर्षें उरलीं असतां उठून जाऊं पाहणें हें शब्दाला हलकें लेखण्याचें. दुसऱ्या गोष्टीचें उदाहरण पुन्हा एपस्टीन यांचेंच आहे. २०२० च्या नोव्हेंबरांत त्यांनीं शिकागो क्लबही सोडला. त्या वेळींही कराराचें एकच वर्ष उरलेलें होतें, आणि या वेळींही त्यांचा दीर्घकाळचा सहकारी, जेड हॉयर, जागेवर बसला. पण मोबदल्याचा प्रश्न कोणी काढला नाहीं, कारण ते प्रतिस्पर्ध्याकडे जात नव्हते. तेव्हां मोबदला मागितला जातो तो मनुष्य गेल्याबद्दल नव्हे; आपल्याकडची विद्या तो दुसऱ्याच्या घरीं नेतो याबद्दल.

करार करतांना दोन्ही पक्षांनीं एवढें उमजून घेतलें तर पुढील पुष्कळ कटुता टळेल. धन्यानें आपण काळ विकत घेत आहों, उत्साह नव्हे, हें जाणून पहिल्या दिवसापासून दुसरा मनुष्य तयार करीत राहावें. आणि नोकरानें सही करतांना उरलेल्या वर्षांचाही हिशोब मनांत करावा. बोस्टन व मिलवॉकी येथें हाताखालचा मनुष्य तयार होता, म्हणून जाणाऱ्याला जातां आलें आणि घर चालतें राहिलें. बाल्टिमोरास करार जिंकला, पण घर सांवरलें नाहीं.